टूं टूं शास्त्र

राउटरशेजारच्या यूपीएसचा टूं टूं आवाज दोन प्रकारचा असतो. वीज गेल्यावरचा आवाज घरात अंधार झाल्याची बातमी देतो, जी अंधारात बसलेल्यांना बहुधा आधीच कळलेली असते. दुसरा आवाज वीज असतानाही येतो, आणि का कोण जाणे, रात्री दोनलाच जास्त ऐकू येतो. त्याचा अर्थ आतली बॅटरी संपत आली.

तांब्याच्या तारेवरच्या जुन्या फोनला एक्स्चेंजमधूनच ४८ व्होल्टचा पुरवठा होई. गाव अंधारात असले तरी फोन चाले. फायबरमधून फक्त प्रकाश येतो, वीज नाही. म्हणून प्रगतीबरोबर ही बॅटरीही घरी आली.

यूपीएसला गप्प करण्याचे घरगुती उपाय म्हणजे चापट, उशी आणि शेजाऱ्याचा इंजिनिअर मुलगा. पुष्कळ यूपीएसमध्ये चालू-बंदचे बटण क्षणभर दाबले की आवाज थांबतो; जास्त वेळ दाबले तर इंटरनेटही थांबते आणि मग आवाज घरच्यांचा सुरू होतो. बॅटरी खरोखर गेली असेल तर बटणाची शांतता टिकत नाही.

अशा वेळी यूपीएस बंद करून, प्लग काढून बॅटरी बदलावी. साध्या यूपीएसमध्ये ती बहुतेकदा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची, शिशाची असते. आयुष्य साधारण ३ ते ५ वर्षे, उकाड्यात त्याहून कमी. लाल वायर लाल टोकाला, काळी काळ्याला. जुनी कचऱ्यात न टाकता दुकानदाराला द्यावी; तो तिचे थोडे पैसे वळतेही करतो. माळ्यावर ठेवलेली बॅटरी मात्र आवाज करीत नाही, म्हणून ती तिथे वर्षानुवर्षे सुखाने राहते.