मग पुढे काय?

बी.ए.ला मी इतिहास घेतला तेव्हा घरात कोणी रागावलं नाही. रागावण्याइतकं गांभीर्यानं ते कोणी घेतलंच नाही. काकांनी सुपारी कातरता कातरता विचारलं, "इतिहास का? बरं. मग पुढे काय?" इतिहासवाल्याला हा प्रश्न विचारणं म्हणजे न्हाव्याला दाढी वाढवायचा उपाय विचारण्यासारखं आहे. आमचा सगळा व्यवहार 'मागे काय'चा. पण काका पोस्टातून निवृत्त झालेले. उत्तर येईपर्यंत माणूस सोडायचा नाही, ही त्यांची शिस्त.

पुढे एम.ए. झालो, तेव्हा हाच प्रश्न कांदेपोह्यांच्या बशीतून आला. "एम.ए. कशात?" "इतिहासात." मुलीच्या वडिलांनी दुसऱ्यांदा वाढण्यासाठी उचललेला डाव अलगद पातेल्यात ठेवला. अर्थशास्त्र म्हटलं असतं तर निदान लिंबू तरी पिळलं असतं.

विद्यापीठात आमच्या विभागाच्या भिंतीवर थोर इतिहासकारांच्या तसबिरी होत्या. दुपारच्या व्याख्यानात डोळे मिटू लागले की मी त्यांच्याकडे बघत बसे. एक दिवस लक्षात आलं की या भिंतीवरच्या बहुतेकांनी आम्ही बसलो होतो त्या बाकांवर बसून इतिहास शिकलेलाच नाही. जदुनाथ सरकार एम.ए. झाले ते इंग्रजी घेऊन. पटवर्धनांच्या दप्तरातले कागद उपसून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' काढणारे वासुदेवशास्त्री खरे मिरजेच्या शाळेत संस्कृतचे शिक्षक. दामोदर कोसंबी तर चक्क गणिताचे. त्यांनी हजारो जुनी नाणी तराजूत घालून तोलली. हातोहात फिरताना नाणं झिजतं, म्हणून वजनावरून ते किती काळ चलनात होतं याचा अंदाज बांधता येतो, असा त्यांचा हिशेब. आम्ही त्या नाण्यांची नावं पाठ करत होतो, ते ग्रॅम मोजत होते. आणि सेतुमाधवराव पगडी? ते हैदराबाद संस्थानच्या मुलकी सेवेत अधिकारी.

म्हणजे इतिहास ज्यांनी लिहिला त्यांना पोटापाण्याचा दुसरा उद्योग होता, आणि ज्यांनी पदवी घेतली ते आम्ही पोटापाण्याचा उद्योग शोधत होतो. हे मी सरांना बोलून दाखवलं. सर म्हणाले, "भिंतीकडे बघू नका. फळ्याकडे बघा."

हेच सर मोडी शिकवत. सगळ्या एम.ए.मध्ये जर मी काही शिकलो असेन तर ते या तासाला. मोडीत आधी ओळ, मग अक्षरं. कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेघ ओढायची आणि दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी अक्षरं तिला लटकवत जायची. लेखणी शक्यतो उचलायची नाही. शब्द कुठे संपला ते सांगायचं नाही. पूर्णविराम नाही, स्वल्पविराम नाही. आणि ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही! शाळेत वेलांटीपायी ज्यानं हातावर छड्या घेतल्या, त्याला अख्खी पेशवाई ऱ्हस्व-दीर्घाशिवाय चालली हे कळल्यावर काय वाटलं असेल? मला तर मराठी साम्राज्याबद्दल खरा अभिमान त्या दिवशी वाटला.

तारखेची तऱ्हा तर आणखी न्यारी. कागदावर लिहिलेलं असायचं, 'इहिदे सितैन मया व अलफ'. हे अरबी आकडे: एक, साठ, शंभर, हजार. बेरीज ११६१. हे शुहूर सन. त्यात ६०० मिळवले की इसवी सन १७६१, म्हणजे पानिपत. पण थांबा. शुहूर सन मृग लागला की बदलतो. म्हणून कागद मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतचा असेल तर ५९९ मिळवायचे, त्यानंतरचा असेल तर ६००. परीक्षेत मी एका पत्राला एक वर्ष जास्त लावलं होतं. सरांनी समासात लाल शाईनं लिहिलं, 'पाऊस विसरलात.'

मला पहिला आख्खा कागद वाचायला तीन दिवस लागले. मनात होतं की एखादी गुप्त मसलत निघेल, निदान कोणाची तरी फितुरी. चौथ्या दिवशी कळलं, तो घोड्यांच्या चंदीचा हिशेब होता. किती घोडे, किती हरभरा. मी हिरमुसलो. सर मात्र खूश. "लढाई सगळेच लिहितात," ते म्हणाले, "घोडा काय खात होता ते कुठे मिळतं?"

मग बी.एड. इतिहासाच्या माणसाला नोकरी म्हटली की पहिलं दार शाळेचं, आणि त्या दाराला ही कडी. तिथे पाठ टाचण नावाचा एक दस्तऐवज असतो. डावीकडे शिक्षककृती, उजवीकडे विद्यार्थिकृती, आणि विद्यार्थी काय उत्तर देतील ते आदल्या रात्रीच लिहून ठेवायचं. इतिहासाच्या शिक्षकाकडून भविष्य वदवून घेणारी दुसरी व्यवस्था मला ठाऊक नाही.

माझा पाठ होता आग्र्याहून सुटकेचा. मागच्या बाकावर निरीक्षक बाई वही घेऊन बसलेल्या. मी पेटारे रंगात आणले. मिठाई, काहार, पहारेकरी. टाचणाप्रमाणे मी विचारलं, "महाराज कसे निसटले?" अपेक्षित उत्तर: 'पेटाऱ्यात बसून.' ते आलंही. पण खिडकीजवळचा एक हडकुळा मुलगा उभा राहिला. "सर, खांद्यावर घेणाऱ्यांना वजनात फरक कळला नसेल का?"

मी गप्प. टाचणात याचं उत्तर नव्हतं. मुलगा थांबेना. त्याचे वडील मार्केट यार्डात हमाल होते. "पोतं पाच किलोनं जड असलं तरी आमच्या आप्पांना कळतं. म्हणजे काहार आधीच आपल्याकडचे केलेले असणार. नाहीतर महाराज पेटाऱ्यात नसतीलच."

पेटाऱ्याच्या गोष्टीवर अभ्यासकांमध्ये जो वाद आहे, तो सातवी अ च्या खिडकीतून आत आला होता. मी इतका हरखलो की उरलेली वीस मिनिटं वर्ग त्यावरच भांडला. निरीक्षक बाईंनी शेरा दिला, 'आशय पूर्ण झाला नाही. वर्गनियंत्रण कमी.' दोन्ही खरं होतं.

नोकरी लागली ती एका तालुक्याच्या गावी. नोकरी कशी लागली आणि त्याआधी किती वर्षं तासिका तत्त्वावर काढली, ते सोडा. सगळ्यांचं सारखंच असतं, आणि सगळ्यांना आपलंच वेगळं वाटतं. शाळेत गेल्यावर कळलं की इतिहास हा विषय नसून जागा भरायचं साहित्य आहे. कवायतीच्या सरांचे तास कमी भरत होते म्हणून नववीचा इतिहास त्यांच्याकडे गेला. ते तो 'सावधान-विश्राम' पद्धतीनं शिकवत. निकाल माझ्यापेक्षा चांगला लागे. माझ्याकडे आली आठवी ब. रियासतकार सरदेसाई बडोद्यात सयाजीरावांच्या राजपुत्रांना शिकवत, आणि त्या शिकवण्याच्या टिपणांतून पुढे 'रियासत' उभी राहिली. माझ्या टिपणांतून आठवी ब उभी राहिली तरी पुष्कळ, असं मुख्याध्यापक म्हणाले.

शिवाय मला पोषण आहाराची नोंदवही मिळाली. आज किती पटसंख्या, किती हजर, किती तांदूळ शिजला, किती शिल्लक, मूगडाळ आली की मटकी. पहिले काही महिने मी रोज धुसफुसत ती भरली. एम.ए. केलं ते यासाठी? मग एका दुपारी, वर्गात पाऊस गळत असताना, 'शिल्लक तांदूळ' लिहिता लिहिता हात थांबला. ही तर रोजकीर्द! किती घोडे, किती हरभरा. तेव्हापासून मी ती वही नेटक्या अक्षरात भरू लागलो. ज्या दिवशी खिचडी करपली त्या दिवशी शेऱ्याच्या रकान्यात 'करपली' असं लिहिलं. तपासणीला आलेल्या साहेबांनी ते खोडायला लावलं. मी खोडलं, पण एका रेघेनं, खालचं वाचता येईल असं.

आमच्या वर्गातले बाकीचे कुठे कुठे पांगले. स्पर्धा परीक्षांना इतिहास घेऊन बरेच बसले, थोडे निघाले. एक पोलिसात फौजदार झाला. तो म्हणतो, साक्षीदाराचा जबाब आणि बखर यांत फार फरक नाही. घडल्यानंतर बऱ्याच काळानं सांगितलेलं, सांगणाऱ्याच्या सोयीनं रचलेलं, आणि मारामारीचं वर्णन मात्र अगदी डोळ्यांसमोर उभं राहणारं. एक वेरूळला गाइड आहे. कैलास लेणं वरून खाली कोरत आणलं, आधी कळस मग पाया, हे तो दिवसातून सहा वेळा सांगतो आणि सहाव्या वेळीही त्याच्या आवाजात ते पहिल्यांदाच कळल्याचा आनंद असतो. एक विमा कंपनीत दावे तपासतो. बनावट कागद त्याला वासावरून कळतो म्हणे. ही थोडी बढाई आहे.

आणि एक आमची मैत्रीण. मोडीत पहिली. लग्न होऊन मराठवाड्यात गेली. मोडीचा उपयोग काय, तर सासूबाईंच्या माहेरच्या वाटणीपत्राचं वाचन एकदा केलेलं, त्यावरून घरात जे भांडण पेटलं ते तीन दिवाळ्या चाललं. तेव्हापासून तिनं मोडी बंदच केली. शिकवण्या घ्यायची, इंग्रजीच्या.

मग २०२३ साल उजाडलं. जुन्या दप्तरांतल्या कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि तहसील कचेऱ्यांमधल्या लोखंडी कपाटांची कुलपं उघडली. आत कोतवाल बुकं, जन्ममृत्यूची रजिस्टरं, आणि जुनं बरंचसं मोडीत. सगळ्या कचेरीत ते वाचणारा माणूस नाही. ज्या लिपीला कोणी विचारत नव्हतं तिचे जाणकार जिल्ह्याजिल्ह्यांतून शोधले जाऊ लागले. मैत्रिणीच्या दारात सरकारी जीप उभी राहिली तेव्हा शेजारणीला वाटलं, हिनं काहीतरी केलं.

मी तिला भेटायला त्या रेकॉर्ड रूममध्ये गेलो होतो. टेबलावर पान उघडलेलं. कागद पापडासारखा, कडा किड्यांनी कुरतडलेल्या. ती हात लावत नव्हती. वाळलेल्या रिफिलचं टोक शिरोरेघेच्या वर, कागदापासून बोटभर उंच धरून ओळीवरून नेत होती. ओठ हलत होते. समोर एक म्हातारे गृहस्थ, धोतर, मांडीवर पिशवी, पिशवीत सगळ्या घराण्याची झेरॉक्स. पणजोबाची नोंद सापडली होती. तिनं जात वाचली, कारकुनानं ती टिपून घेतली. काम संपलं होतं. म्हातारे उठेनात.

"बाई, अजून काय लिहिलंय तिथं?"

तिनं रिफिल पुढं सरकवली. "मरण पटकीनं. वय पस्तीस."

"पस्तीस," ते म्हणाले. स्वतःशी बोटांवर काही मोजलं. मग पान मिटू नये म्हणून की काय, टेबलाच्या कडेवर हात ठेवून बसले. तिनंही घाई केली नाही. बाहेर पन्नास माणसं रांगेत होती.

शेवटी पिशवी उचलताना त्यांनी विचारलं, "बाई, तुमचं शिक्षण काय झालं म्हणायचं?"

"इतिहासात एम.ए."

म्हाताऱ्यांनी तिच्याकडे मायेनं पाहिलं.

"मंग पुढं काही केलं नाही का?"