मुलाखतीला निघालेल्या पात्रताधारकास

प्रिय पात्रताधारक मित्रा,

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर मुंगीच्या अक्षरांत छापलेली साहाय्यक प्राध्यापकाची जाहिरात तुला दिसली, इथेच तू निम्मी लढाई जिंकलास. ती कुणाला दिसू नये अशीच तिची मांडणी होती. आता मुलाखतपत्र आलंच आहे, तर सात महाविद्यालयांचे बाक झिजवून आलेल्या माणसाचं थोडं ऐक.

वेळ अकराची आहे, तू साडेदहाला पोहोच. अध्यक्षसाहेब अडीचला येतील. तोवर तुम्हा सगळ्यांना एखाद्या वर्गात बसवतील. गुडघे बाकाला अडतील, चालायचंच. विषयाची उजळणी करू नकोस. शिपायाकडे लक्ष दे. तो सर्वांना कागदी कपात चहा देईल आणि एकालाच कपबशीत. ज्याला बशी मिळाली त्याच्याकडे फाइल नसेल. त्याच्याशी आदराने बोल.

तू म्हणशील, माझी पीएच.डी. आहे, सेट आहे, आणि सेटला बसलेल्यांतले सहाच टक्के पास होतात. अभिनंदन! पण यूजीसीच्या २०१८च्या नियमावलीत या सगळ्याचे गुण मुलाखतीच्या यादीत नाव लागण्यापुरतेच धरलेत. निवड केवळ मुलाखतीवर. म्हणजे आयुष्याची दहा वर्षं तू दारापर्यंत येण्यासाठी खर्चलीस, आणि आतली दहा मिनिटं साहेबांची.

आत गेल्यावर नमस्कार कर, बसा म्हटल्याशिवाय बसू नकोस. कुलगुरूंचे प्रतिनिधी काजू निवडत असतील, त्यांच्या नजरेला नजर देण्याचा हट्ट नको. अध्यक्ष विचारतील, ‘गाव कुठलं?’ मग, ‘तिथले पाटील तुमचे कोण?’ ‘कुणी नाही’ हे उत्तर झटकन देऊ नये. जरा आठवल्यासारखं करावं, तेवढाच त्यांचा वेळ बरा जातो. विषयतज्ज्ञ प्रबंधाचं नाव विचारतील. प्रबंध त्यांच्यापुढेच असेल, वर चहाचा कप ठेवलेला. चौथ्या मुलाखतीत मी नाव दिसावं म्हणून तो कप उचलून बाजूला ठेवला. त्यानंतर मला एकही प्रश्न आला नाही. तू कप हलवू नकोस.

मुख्य प्रश्न शेवटी येतो, तोही इतक्या हळू आवाजात की पंख्याच्या घरघरीत हुकावा : ‘संस्थेला तुमची काय मदत होईल?’

मी सरळ मनाने सांगितलं, ‘एनएसएसचं शिबिर चांगलं घेतो, सर. शिवाय नॅकच्या फायली करून देईन.’ सगळे खळखळून हसले. प्राचार्य तेवढे खिडकीबाहेर बघत राहिले. तेही कधीकाळी याच खुर्चीत बसले असणार. या प्रश्नाचं बरोबर उत्तर आकड्यात असतं. तो तुझ्याकडे नसेल, तर निदान एनएसएस म्हणू नकोस.

‘कळवू’ म्हणाले की आभार मानून उठ. खुर्चीचा आवाज होऊ देऊ नकोस. मूळ कागदपत्रं मोजून घे, माझी बी.ए.ची गुणपत्रिका एका कपाटात राहिली ती राहिलीच. पाचची एसटी मिळते.

तुझा,
एक अनुभवी उमेदवार

ता. क. : जूनमध्ये तासिका तत्त्वाच्या मुलाखती निघतील, तेव्हा भेटूच. लवकर पोहोचलास तर पंख्याखालच्या बाकावर माझ्यासाठी रुमाल टाकून ठेव.