सातशेसेहेचाळीसवाले नाना

प्रत्येक सोसायटीत एक नाना असतात. गणपतीची वर्गणी, पार्किंगची भांडणं, टाकीची गळती यांत ते पडत नाहीत. पण कुणाच्या तोंडून चुकून एखादा आकडा निसटला, की हातातला पेपर खाली येतो आणि चष्मा वर जातो.

"किती म्हणालात? म्हणजे किती किलोवॅट?"

आमचे नाना एका कारखान्याच्या मेंटेनन्स खात्यातून निवृत्त झाले, त्याला बारा वर्षं झाली. नोकरी सुटली, खिशातला टेस्टर सुटला नाही. शर्ट धुवायला टाकताना काकू आधी टेस्टर काढून देव्हाऱ्याशेजारी ठेवतात.

परवा तिसऱ्या मजल्यावरचा नवा भाडेकरू काळजीत होता. दीड टनाचा एसी भिंतीला पेलेल का? आम्ही हसायच्या आत नानांनी त्याला बाकावर बसवलं.

"अहो, हा टन वजनाचा नव्हे, बर्फाचा! एक टन बर्फ चोवीस तासांत वितळवायला लागेल तेवढी उष्णता. तोही अमेरिकी टन, ९०७ किलोचा. तासाला १२ हजार बीटीयू, म्हणजे साडेतीन किलोवॅट. तुमचा दीड टन म्हणजे सव्वापाच."

"तासाला सव्वापाच युनिट जळणार?" भाडेकरूच्या कपाळावर एसीच्या आधीच घाम.

"ती खोलीतून बाहेर काढलेली उष्णता. वीज दीडेक किलोवॅट खाईल. आणि किलोवॅट वेगळं, युनिट वेगळं. एक किलोवॅट तासभर चाललं की एक युनिट."

भिंतीचं उत्तर त्या गृहस्थाला शेवटपर्यंत मिळालं नाही.

नानांचं खरं दैवत मात्र हॉर्सपॉवर. जगातली कुठलीही शक्ती घोड्यावर बसून आल्याशिवाय त्यांना ओळखू येत नाही. पंखा ७५ वॅटचा, म्हणजे घोड्याचा दहावा हिस्सा. काकूंचा मिक्सर ७५० वॅटचा. "७४६ चा एक घोडा. वरचे चार वॅट नालांचे!" हा विनोद मिक्सर घरी आला त्या दिवसापासून चालू आहे. काकू चटणी वाटायला लागल्या की नाना हॉलमधून विचारतात, "घोडा सोडलास का?"

एकदा दोन्ही हातांत भाजी घेऊन मी तीन मजले चढून आलो आणि नानांच्या दारात धापा टाकत टेकलो. पाणी मागणार, तोवर त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "वजन सत्तर, उंची दहा मीटर, वेळ एक मिनिट. ११४ वॅट. तुमच्यासारखे साडेसहा जण मिळून एक घोडा होतो." पाणी काकूंनी दिलं.

गावाकडच्या पुतण्याचा पाच एचपीचा पंप ही त्यांची जुनी जखम. पाटीवर लिहिलंय ३.७ किलोवॅट, मीटर दाखवतो त्याहून जास्त. पुतण्या म्हणतो, मीटर खोटा. नाना फोनवर ओरडतात, "अरे, पाटीवरचा आकडा शाफ्टवर मिळणाऱ्या शक्तीचा! वायरीतून जास्तच जाणार. मधली दलाली मोटर खाते!" दलाली म्हटल्यावर पुतण्याला बरोबर कळतं.

नानांचा एकच वैरी, तळमजल्यावरचे अप्पा. त्यांची हयात जर्मन यंत्रांवर गेली, त्यामुळे त्यांचा घोडा ७३५.५ वॅटचा, सेकंदाला ७५ किलो एक मीटर वर उचलणारा. नानांचा इंग्रजी, मिनिटाला ३३ हजार पौंड एक फूट उचलणारा. स्मार्त आणि भागवत एकादशीसारखं हे भांडण. दोघेही उपास करतात, पण दुसऱ्याचा उपास दोघांनाही मान्य नाही. फरक किती? जेमतेम साडेदहा वॅट. तेवढ्यावर त्यांनी एक अख्खी कोजागिरी घालवली. दूध आटून बासुंदी झाली.

दोघांचा समेट झाला तो जेम्स वॅटच्या नावावर. आपलं वाफेचं इंजिन किती घोड्यांचं काम करतं हे गिऱ्हाइकाला पटवायला त्याने घोड्याचं माप बांधलं, आणि तेही असं सढळ हाताने की दिवसभर तेवढं ओढायचं म्हटलं तर खऱ्या घोड्याच्या तोंडाला फेस यावा. पुढे शास्त्रज्ञांनी शक्तीच्या एककाला त्याचंच नाव दिलं आणि १९६० साली आंतरराष्ट्रीय पद्धतीने त्यावर शिक्का मारला. "म्हणजे आपण जन्मभर काय केलं?" अप्पा म्हणाले. "वॅटच्या घोड्याला ७४६ ने गुणून पुन्हा वॅटच आणला." नानांनी पहिल्यांदाच मान डोलावली. मग म्हणाले, "७३५.५ ने नव्हे ना?"

काल संध्याकाळी मी गेलो तेव्हा नाना पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडत होते. दीडशे मिली पाणी, पंचवीस अंशांपासून उकळीपर्यंत, ४७ हजार ज्यूल. विजयी मुद्रेने त्यांनी कागद पुढे केला.

"एक कप चहा म्हणजे एका घोड्याची एका मिनिटाची मेहनत. बघा!"

आतून काकूंचा आवाज आला, "अहो, मग त्या घोड्याला म्हणावं, एक मिनिट उठ. पाहुणे आलेत. आणि येताना आलं किसून आण."

नाना उठले. लागली तीन मिनिटं. हिशेब मी मनात केला, बोललो नाही.