उशीवाले काका

लग्नाच्या आदल्या दिवशी कार्यालयात उतरणाऱ्या वऱ्हाडात एक काका असे असतातच, की त्यांची बॅग कुणीही उचलावी, पण काखेतल्या पिशवीला हात लावायचा नाही. नव्या माणसाला वाटतं, दागिने असतील. जुन्यांना ठाऊक असतं: उशी.

हे काका प्रत्येक घराण्यात एक तरी निघतात. वय पन्नाशीपुढचं. कधीतरी मान धरलेली असते आणि डॉक्टर सहज म्हणालेले असतात, "उशी बदलून बघा." पुढचा पेशंट आत येईतो डॉक्टर ते विसरलेही. काकांनी मात्र उरलेलं आयुष्य त्याच वाक्याला वाहिलं.

घरी कपाटावर त्यांचे जुने प्रयोग रचलेले. सावरीची उशी मऊ आणि थंड, पण दबते. सारखी उन्हात टाकून बडवा. साध्या कापसाचे गोळे होतात, आणि धुनकी घेऊन दारावर येणारा पिंजारी आता कुठला दिसायला? मग जावयानं आणलेली मेमरी फोमची. हा फोम १९६६ साली नासाच्या कामातून, विमानातल्या आसनांसाठी तयार झाला, हे काका अशा थाटात सांगतात की त्या प्रयोगाला डोकं यांचंच वापरलं असावं. पण हा फोम थंडीत कडक होतो. डिसेंबरात नाशिकला नेली आणि काका पहाटेपर्यंत ती मांडीवर घेऊन ऊब देत बसले. सध्या पिशवीत आहे ती सर्व्हायकल पिलो: कडा उंच, मधे खोलगट. कडेवर मान, खोलगटात डोकं.

रात्री हॉलमध्ये गाद्या पडल्या की काका टीसीसारखे रांगेतून फिरतात.

"कुशीवर ना तू? मग कान आणि खांद्याचं टोक यांच्यातली पोकळी भरली पाहिजे. घाल खाली चादर दुमडून. उताणे का भावजी? तुमची उशी बेताची हवी. हनुवटी छातीला टेकायला लागली की समजा, जास्त झाली."

पालथा झोपलेला दिसला की ते हळहळतात. मान रात्रभर एका अंगाला वळलेली! त्याची उशी ते अलगद ओढून घेतात. अलगद म्हणजे त्यांच्या मते. कुशीवरच्यांनी गुडघ्यांत आणखी एक उशी धरावी, म्हणजे कंबर पिळवटत नाही, असाही आग्रह असतो; पण डेकोरेशनवाल्यानं मुळात दोन माणसांत एक उशी दिलेली असते, आणि तीही बहुतेक जुन्या चिंध्यांची.

"मला उशीच लागत नाही," असं कुणी म्हणालं तर संपलंच. थेट कुरुक्षेत्र. भीष्मांसाठी राजांनी मऊमऊ उशा आणल्या, त्या त्यांनी परत पाठवल्या. अर्जुनानं तीन बाण रोवून डोक्याला टेकू दिला तेव्हा म्हातारा खूश झाला. "अंगभर बाण घुसलेत," काका अंधारात उठून बसतात, "आणि तक्रार कसली? तर मान लोंबतेय!"

पंचाईत अशी की काकांचं खरं असतं. चादर दुमडून झोपलेल्याची मान सकाळी मोकळी झालेली असते. पण ते कबूल कोण करणार? चहाच्या कपावर सगळे त्यांची टर उडवतात आणि मानेला हात लावत नाहीत.

एका लग्नात काका आंघोळ करून आले, तर उशी गायब. शोधत शोधत मांडवात पोचले. पहिल्या रांगेत, प्लॅस्टिकच्या खुर्चीत, त्या उशीवर नवरीकडची आजी ऐसपैस बसलेली. आपण मुलाकडचे, विधी सुरू असताना मुलीच्या आजीला "उठा" कसं म्हणायचं? काका दोनदा पुढून गेले, एकदा अक्षता वाटायच्या निमित्तानं थांबले. शेवटी न राहवून विचारलंच, "आजी, उशी... बरी आहे ना?"

"तुमची होय?" आजीनं बसल्याबसल्या उशी चाचपली. "बरी आहे हो. पण गादीवाल्यानं फसवलं तुम्हाला. मधला कापूस खाल्लाय मेल्यानं."