क्रमाचा धाक

माझी भाची अकरावीत आहे. मे महिन्यात तिनं विचारलं, "मामा, ब्रँडन सँडरसनचं आधी कोणतं वाचू?" मी तोंड उघडायच्या आत तिच्या दोन मित्रांनी उत्तर दिलं. एकानं वहीचं पान फाडून त्यावर चौकोन काढले, चौकोनांना बाण जोडले. 'एलांट्रिस' पहिलं असलं तरी कच्चं आहे, 'मिस्टबॉर्न'पासून सुरू कर. दुसरा म्हणाला, छे, आधी 'वॉरब्रेकर' वाच, नाहीतर 'वर्ड्स ऑफ रेडियन्स'मधली गंमत वाया जाईल. मग 'सीक्रेट हिस्टरी' कुठं बसवायची यावरून दोघांची जुंपली. दीड तास! जून संपला तरी पोरीनं एक पान वाचलं नव्हतं. "चुकीचं आधी वाचलं तर?" असं ती मला म्हणाली.

मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. गोष्ट वाचायला निघालेल्या मुलीला चुकण्याची भीती वाटावी, हे कुठल्याही चाहत्याला शोभत नाही.

सँडरसन ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेतल्या युटामध्ये राहणारा हा लेखक. उमेदवारीच्या काळात हॉटेलच्या काउंटरवर रात्रपाळी करता करता कादंबऱ्या लिहायचा. 'एलांट्रिस' २००५ साली आली. पुढच्या वर्षी 'मिस्टबॉर्न' मालिका सुरू झाली, २००९ मध्ये 'वॉरब्रेकर', आणि २०१० मध्ये 'द वे ऑफ किंग्ज' हे हजार पानांचं धूड. ग्रह वेगळे, माणसं वेगळी, जादू वेगळी. पण विश्व एकच. त्याचं नाव कॉस्मिअर. एका कथेत कोपऱ्यात बसलेला भिकारी दुसऱ्या कथेत गोष्टी सांगताना भेटतो. त्याचं नाव होइड, आणि त्याला हुडकणं हा चाहत्यांचा आवडता उद्योग. २०२२ च्या मार्चमध्ये सँडरसननं गुपचूप लिहून ठेवलेल्या चार कादंबऱ्यांसाठी वाचकांकडून थेट पैसे मागितले, तेव्हा ४ कोटी १७ लाख डॉलर जमले. एवढं प्रेम ज्याच्या वाट्याला येतं त्याच्या दारात रोज नवे वाचक येणार. दारात त्यांना भेटतो तो चौकोन-बाणांचा कागद.

हे भांडण नवं नाही. सी. एस. लुईसच्या नार्नियाची सात पुस्तकं घ्या. 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब' १९५० मध्ये आलं. नार्नियाचा जन्म कसा झाला ते सांगणारं 'द मजिशिअन्स नेफ्यू' १९५५ मध्ये, सहाव्या क्रमांकावर. एका अमेरिकन मुलाला वाटलं, गोष्टीत जे आधी घडलं ते आधी वाचावं. त्याच्या आईला वाटलं, जसं छापलं तसं वाचावं. मुलानं थेट लुईसला पत्र टाकलं. १९५७ मध्ये लुईसचं उत्तर आलं: मला तुझं म्हणणं आईपेक्षा जास्त पटतं, पण क्रमानं फारसा फरक पडतो असंही नाही. पुढं १९९४ मध्ये प्रकाशकानं पुस्तकांवरचे आकडे घटनाक्रमानं बदलले. पत्राचा पहिला अर्धा भाग सगळ्यांनी उचलला. मला दुसरा अर्धा मोलाचा वाटतो.

तरीही या वादात मी त्या आईच्या बाजूचा आहे. बर्फाळ रानात एक दिव्याचा खांब उभा आहे, आणि तो तिथं का आहे हे वाचकाला ठाऊक नाही. त्या न कळण्यातच नार्नियाची सगळी जादू आहे. 'नेफ्यू' आधी वाचलं की खांबाचा जन्मदाखला आधी हातात पडतो आणि खांब नंतर दिसतो.

सँडरसनच्या चाहत्यांनी तर हे सगळ्यांत आधी ओळखायला हवं होतं, कारण त्यांच्याच लेखकानं २००७ मध्ये त्याचा नियम मांडला. चाहते तो मंत्रासारखा म्हणतात. त्याचा आशय असा: जादू वापरून कथेतला पेच सोडवायचा असेल, तर वाचकाला ती जादू जितकी नीट समजली असेल तितकीच ती सोडवणूक पटेल. या नियमात जादूगार कुठं आहे? नियम आहे वाचकाचा. त्याला काय ठाऊक आहे, आणि कधी ठाऊक झालं, याचा. आणि कोणतं पुस्तक कधी वाचावं हा प्रश्न तरी दुसरा कशाचा आहे? जादूचे नियम आणि वाचनाचा क्रम ही दोन भांडणं नाहीतच, भांडण एकच आहे.

म्हणून 'सीक्रेट हिस्टरी'चं उत्तर सोपं आहे. तिच्यातल्या घटना 'मिस्टबॉर्न'च्या पहिल्या तीन पुस्तकांच्या बरोबरीनं घडतात. घटनाक्रमाचा हट्ट धरणारा ती मध्येच घुसवील आणि तिन्ही पुस्तकांचं वाटोळं करील. सँडरसननं ती २०१६ च्या जानेवारीत, सहाव्या पुस्तकाच्या दिवशीच बाहेर काढली. तोवर वाचकाला काय कळलं आहे आणि काय नाही, याचा हिशेब त्याच्यापाशी होता. छापील क्रमाची बाजू मी घेतो ती एवढ्याचसाठी: त्या त्या वर्षी लेखकासमोर जो वाचक होता, त्याच्यासाठी ते पुस्तक लिहिलेलं असतं.

पण हाही क्रम देवानं आखून दिलेला नाही. 'एलांट्रिस' हे सँडरसनचं छापलेलं पहिलं, पण लिहिलेलं सहावं पुस्तक. टेरी प्रॅचेटच्या डिस्कवर्ल्डची ४१ पुस्तकं आहेत. तिथं पहिल्यापासून सुरू करू नकोस असंच जुने वाचक सांगतात, आठव्या 'गार्ड्स! गार्ड्स!'चं नाव घेतात, आणि ते बरोबरच आहे. प्रॅचेटचा हात तोवर बसला होता. 'वॉरब्रेकर' आधी वाचलेला माणूस 'वर्ड्स ऑफ रेडियन्स'च्या शेवटी खुर्चीतून उठतो. उलट क्रमानं वाचणारा माणूस 'वॉरब्रेकर'च्या मध्यावर उठतो. उठतात दोघंही. मग एवढं भांडायचं कशासाठी? मान्य, 'द लॉस्ट मेटल'सारख्या पुस्तकात बाहेरच्या जगांची माणसं एवढी घुसतात की नवख्याला धाप लागते. पण ते एका मालिकेचं शेवटचं पुस्तक आहे. शेवटच्यापासून सुरुवात करू नये, हे सांगायला वहीचं पान फाडावं लागत नाही.

आता जादूकडे. या चर्चा मला मनापासून आवडतात, हे आधी सांगतो. 'मिस्टबॉर्न'मधला माणूस धातू गिळतो आणि पोटात 'जाळतो'. पोलाद जाळलं की आसपासच्या धातूला ढकलता येतं, लोखंड जाळलं की ओढता येतं. ढकलायचं तेही सरळ रेषेत, स्वतःपासून दूर. जमिनीवर नाणं टाकून ढकललं तर नाणं खाली कुठं जाणार? मग माणूस वर उडतो. समोरची वस्तू आपल्यापेक्षा जड असेल तर आपणच मागं फेकले जातो. शाळेत शिकलेला न्यूटनचा तिसरा नियम इथं रात्रीच्या छपरांवरून धावतो. नंतरच्या पुस्तकांत बेंडॅलॉय नावाचा मिश्रधातू येतो. तो जाळला की आपल्याभोवती एक फुगा तयार होतो आणि फुग्याच्या आत वेळ भरभर पळते. यावर विज्ञान शिकणारी मुलं विचारतात की मग आतून बाहेर येणाऱ्या उजेडाचा रंग का बदलत नाही. प्रश्न अगदी रास्त आहे. कादंबरी वाचून मुलं प्रकाशाच्या तरंगलांबीवर भांडत असतील तर त्यांना खुशाल भांडू द्यावं.

माझी तक्रार वेगळी आहे. सँडरसनचा दुसरा नियम सांगतो की ताकदीपेक्षा तिच्या मर्यादा जास्त रंजक असतात. हा नियम चाहते म्हणतात खरा, पण गप्पा मारतात त्या ताकदीच्याच. कोण कोणाला हरवील? कुठल्या पायरीला काय मिळतं?

'वॉरब्रेकर' पाहा. त्या जगात प्रत्येक माणूस एक श्वास घेऊन जन्माला येतो. नेहमीचा श्वास नव्हे, जीवतत्त्वाचा अंश म्हणा. तो दुसऱ्याला देता येतो, म्हणजे विकताही येतो. जो विकतो तो मरत नाही, पण त्याच्या असण्याचा रंग उतरतो, जग त्याला फिकं दिसतं. ज्याच्यापाशी असे शेकडो, हजारो श्वास जमतात, त्याला रंगांच्या आणि सुरांच्या बारीकसारीक छटा कळू लागतात आणि निर्जीव वस्तू हलवता येतात. या साठ्याच्या दहा पायऱ्या आहेत, आणि चाहत्यांना त्या पाढ्यांसारख्या पाठ असतात. त्याच राज्यात मरून परत आलेली माणसं देव म्हणून राजवाड्यात राहतात. जिवंत राहायला त्यांना आठवड्याला एक श्वास लागतो. तो येतो गरीब घरच्या लेकराकडून, आणि आईबापांना त्याचे पैसे मिळतात. पुस्तकाच्या सुरुवातीलाच अशी एक लहान मुलगी देवासमोर आणली जाते. ती श्वास देते, तिच्यातलं काहीतरी विझतं, आणि देवाचा आठवडा निघतो.

या कादंबरीवरच्या गप्पा मी तासन् तास ऐकल्या आहेत. दहा पायऱ्या प्रत्येक वेळी निघाल्या. ती मुलगी एकदाही निघाली नाही.

'मिस्टबॉर्न'मध्येही तेच. धातू जाळण्याची ताकद सरदारांच्या रक्तातून उतरते. राबणाऱ्या स्का लोकांत ती जाऊ नये म्हणून सरदारांच्या भोगाला बळी पडलेल्या स्का बायकांना नंतर मारून टाकण्याचा कायदा आहे. कोणाच्या पोटी जन्मलात त्यावरून ताकद मिळते आणि ती टिकवायला रक्ताची राखण करावी लागते, हे मराठी वाचकाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. 'द वे ऑफ किंग्ज' आणि 'वर्ड्स ऑफ रेडियन्स' जिच्यात येतात त्या 'स्टॉर्मलाइट' मालिकेत काचेच्या गोळीतल्या रत्नात वादळाचा उजेड साठवतात, आणि तीच गोळी चलन म्हणून बाजारात चालते. योद्ध्यानं उजेड ओढून घेतला की पैसा विझतो. जादू आणि पैसा एकाच गोळीत ठेवणारा लेखक काहीतरी सांगतो आहे. तक्ते करणाऱ्यांनी तक्ता खाली ठेवून ते ऐकावं.

आणि हे सगळं पुस्तकातच भेटावं, कुणाच्या तोंडून नव्हे. नवख्याला आधीच सोळा धातूंची यादी दिली की त्याचं पुस्तक अभ्यासक्रम होतं. 'मिस्टबॉर्न'ची नायिका व्हिन हे धातू एकेक करून शिकते. तिच्याबरोबर आपण पहिल्यांदा नाणं ढकलतो आणि पोटात गोळा येतो. तो गोळा ज्याच्या वाट्याला आधी येऊन गेला, त्यानं तो दुसऱ्यासाठी राखून ठेवायला हवा.

आमच्या लहानपणी गावच्या वाचनालयात मालिकेचा पहिला भाग नेहमी कुणीतरी नेलेला असायचा. नारायण धारपांच्या समर्थांच्या कथा मी जशा हाती लागल्या तशा वाचल्या. समर्थ कोण, त्यांची शक्ती कुठून आली, हे कुणी आधी सांगितलं नाही. मधूनच शिरलो, अंधारात चाचपडलो, आणि हळूहळू भिंती हाताला लागत गेल्या. त्यातला एकही दिवस वाया गेला असं मला आजही वाटत नाही. तेव्हा तक्ता नव्हता म्हणून मी वाचक झालो.

भाचीला मी शेवटी 'द एम्परर्स सोल' दिलं. २०१२ चं, लहानसं पुस्तक, ह्यूगो पुरस्कार मिळालेलं. शाय नावाची एक नकलाकार शिक्के कोरते. तिचा शिक्का वस्तूवर उमटला की वस्तूचा भूतकाळ बदलतो. दुर्लक्षामुळं खराब झालेलं मेज, जणू कुणी आयुष्यभर त्याची निगा राखली होती, असं होऊन जातं. पण खोटा भूतकाळ त्या वस्तूला पटण्याजोगा असावा लागतो, नाहीतर शिक्का टिकत नाही. म्हणून शायला आधी वस्तू समजून घ्यावी लागते, मग माणूस. आता तिला जायबंदी सम्राटाचा आत्मा घडवायचा आहे, आणि हाती शंभराहून कमी दिवस आहेत. हे कथानक 'एलांट्रिस'च्याच ग्रहावर घडतं. भाचीला मी ते सांगितलं नाही. तिनं दोन दिवसांत पुस्तक संपवलं आणि तिसऱ्या दिवशी फोन केला, "मामा, तिनं मेजाला विचारात घेतलं ना, म्हणून ते जमलं." तक्ते करणाऱ्यांपैकी कुणी मला इतकं नेमकं काही ऐकवलेलं नाही.

तेव्हा चाहत्यांनो, तुमच्यापाशी माहिती आहे, प्रेम आहे, आणि वर्षानुवर्षं जमवलेले बारकावे आहेत. ते आपापसांत उधळा, रात्र रात्र उधळा. पण कुणी नवं माणूस येऊन "आधी कोणतं वाचू?" म्हणालं, तर एकच नाव सांगा. पुस्तक घरात असेल तर हातात द्या. आणि त्याचं वाचून होईपर्यंत गप्प बसा.