पिंप संपायच्या आत

अक्कलकोटच्या माणसाला यात्रेची सवय नसते. त्याला गरजच पडत नाही. उभा महाराष्ट्र त्याच्या गावात येतो. गुरुवारी आणि पौर्णिमेला स्वामींच्या वटवृक्ष मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यांवर मुंबईपासून नांदेडपर्यंतच्या नंबरपाट्या दिसतात. रांगेत चपला कुठे ठेवाव्यात, मध्येच घुसणाऱ्याला न भांडता मागे कसं पाठवावं, अन्नछत्रात कितव्या पंगतीला नंबर लागेल, हे ज्ञान इथल्या पोराला बाराखडीच्या आधी येतं. त्यामुळे एका जानेवारीत चार अक्कलकोटकर पहाटे उठून रांगेत उभं राहायला पुण्याला निघाले, ही गोष्ट गावात सांगण्यासारखी नव्हती. रांग बियरची होती, हे आणखी एक कारण.

निमित्त झालं येळवशीचं.

पंचांगात तिला वेळ अमावास्या म्हणतात. मार्गशीर्षातल्या या अमावास्येला लातूर-धाराशिवपासून सोलापूरच्या सीमेलगतच्या पट्ट्यापर्यंत आणि पलीकडे कर्नाटकात गावं ओस पडतात, शिवारं भरतात. ज्वारीच्या उभ्या पिकात कडब्याची खोप करायची, पांडव मांडून पुजायचे आणि मग भज्जी, उंडे, भाकरी असं जेवायला बसायचं. या सगळ्याची राणी म्हणजे अंबील. ज्वारीचं पीठ आंबवून शिजवायचं, त्यात ताक, लसूण, मीठ घालायचं आणि मातीच्या घागरीतून शेतात न्यायचं. आपल्या शेतात जेवायचं आणि दुसऱ्याच्या शेतात जाऊन पुन्हा प्यायचं, असा रिवाज. ज्याला शेत नाही त्याला चार शेतांचं आमंत्रण. तिसऱ्या पेल्यानंतर माणूस बाभळीच्या सावलीत आपोआप आडवा होतो.

अशा आडव्या मंडळींमध्ये अडत्यांचा पुण्याचा भाचा तेवढा उभा होता. तो हिंजवडीत नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात बियरचा माग काढतो. कुठल्या ब्रुअरीत या आठवड्यात काय नवीन उघडणार, किती पिंपं, कधी संपणार, याची त्याच्याकडे पंचांगासारखी नोंद असते.

“मामा, पुढच्या महिन्यात एक लिमिटेड रिलीज आहे. दोनच पिंपं. संपली की परत कधी नाही.”

“परत का नाही? वाईट निघते व्हय?” अडत्यांनी पडल्या पडल्या विचारलं.

“चांगली निघते, म्हणूनच तर!”

दुधनीच्या बाजारात तीस वर्षं तूर आणि ज्वारी तोललेल्या माणसाला हा धंदा उमगेना. चांगलं उतरलं तर पुढच्या साली दुप्पट पेरायचं असतं. मग भाच्याने दाखले दिले. कॅलिफोर्नियातली रशियन रिव्हर ही ब्रुअरी ‘प्लिनी द यंगर’ नावाची बियर 2005 पासून वर्षातून एकदाच, थोडेच दिवस देते आणि तिच्यासाठी लोक फुटपाथवर तासन्‌तास उभे राहतात. बेल्जियममध्ये वेस्टव्लेटरन इथल्या मठात ट्रॅपिस्ट पंथाचे संन्यासीच बियर गाळतात. मठाचा खर्च निघेल एवढीच गाळतात, जास्त नाही. बाटलीला वर्षानुवर्षं लेबलसुद्धा नव्हतं; बुचावरून ओळखायची. पूर्वी फोन करून पाळी लावायची, गाडीचा नंबर द्यायचा आणि एकदा नेली की साठ दिवस पुन्हा फोन करायचा नाही.

“म्हणजे मठच आहे की बे!” मास्तर उठून बसले. शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना इतकं नीटनेटकं काही ऐकायला मिळालं नव्हतं. अडते अजून आडवेच होते. त्यांना उठवलं ते भाच्याच्या पुढच्या वाक्याने.

“आणि मामा, यंदाची बियर ज्वारीची आहे.”

“ज्वारीची? कुणाची ज्वारी?”

भाच्याला ते ठाऊक नव्हतं. अडत्यांच्या दृष्टीने जायला एवढं कारण पुरेसं होतं.

आधी दिवस ठरवायचा होता. बियरचं पिंप उघडणार गुरुवारी संध्याकाळी. गुरुवार स्वामींचा, त्या दिवशी अक्कलकोटात अंड्याचं नाव काढत नाहीत. सोमवार महादेवाचा, मंगळवार देवीचा, शनिवार मारुतीचा. सगळ्या देवांच्या तारखा वजा जाता शुक्रवार निघाला. बँकेतले कॅशियर सोबत घेतले, कारण ते मोजण्यात चुकत नाहीत. गाडी चालवायला बुवा. बुवांच्या गळ्यात तुळशीची माळ असल्याने ते परतीच्या वाटेवरही शुद्धीत राहतील, याची हमी पांडुरंगाची होती.

सोलापूर मागे पडल्यावर मोहोळ लागलं तसे अडते गाडीतल्या गाडीत सावरून बसले. इथल्या शेतकी केंद्रात स्थानिक ज्वारीतून निवडून काढलेलं मालदांडी 35-1 हे वाण पुढे दख्खनच्या निम्म्या ताटांत पोचलं. जवळच्या मंगळवेढ्याच्या मालदांडीला तर भौगोलिक मानांकन आहे. “आपल्या ज्वारीची बियर करायची आणि आपल्यालाच रांगेत उभं करायचं,” अडते म्हणाले. बुवांनी गाडीचा वेग थोडा वाढवला.

मास्तरांनी वही आणली होती. टेंभुर्णीपर्यंत त्यांनी बियरचा इतिहास संपवला: बव्हेरियात 1516 साली कायदा झाला की बियरमध्ये पाणी, सातू आणि हॉप्स एवढंच घालायचं, आंबवणारं यीस्ट त्यात लिहिलंच नाही, कारण ते असतं हे कुणाला माहीत नव्हतं. इंदापूरला ते महाराष्ट्रात पोचले. पुण्यात 2009 साली निघालेली डूलॅली ही राज्यातली पहिली मायक्रोब्रुअरी, आणि तिचं नाव थेट नाशिकजवळच्या देवळालीवरून आलेलं. देवळालीच्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत पडलेले गोरे सोल्जर उन्हाने आणि कंटाळ्याने भ्रमिष्ट व्हायचे; त्यावरून इंग्रजीत डोकं फिरलेल्याला ‘डूलॅली’ म्हणू लागले.

“आपण पण 290 किलोमीटर चाललोय,” कॅशियर म्हणाले. त्यावर कुणी काही बोललं नाही.

भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर थंडीचे पाहुणे रोहित पक्षी उभे होते, म्हणून बुवांनी गाडी थांबवली. पाणी पाहून सोलापूरकराची जुनी जखम वाहू लागली. पुण्याची मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा उजनीत येते आणि उजनीचं पाणी सोलापूरच्या नळाला. बियरमध्ये 90 टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, असं मास्तरांच्या वहीत होतं. “म्हणजे पुणेकर आधी त्याने अंघोळ करत होते, आता बियरही करतात,” अडत्यांनी हिशेब मांडला, “आणि उरलेलं आपल्याला.” यवत, लोणी काळभोर, हडपसर अशी गावं ओलांडेपर्यंत हाच विषय पुरला.

साडेबाराला ते ब्रुअरीत पोचले. रांगेचे सगळे डावपेच तयार होते. रांगच नव्हती.

काचेमागे स्टीलच्या मोठाल्या टाक्या, समोर रिकाम्या खुर्च्या आणि भिंतीवर काळा फळा. फळ्यावर सहा बियरची नावं खडूने लिहिलेली आणि चौथ्या ओळीवर ओला हात फिरवलेला. भाचा फळ्याखाली मान घालून उभा होता.

“संपली, मामा. रात्री अकरालाच.”

कॅशियरांनी उभ्या उभ्या आकडेमोड केली. 50 लिटरची दोन पिंपं, 330 मिलिलिटरचा एक ग्लास, म्हणजे सुमारे 300 ग्लास. एका संध्याकाळला काही जास्त नाहीत. देवाच्या वारापायी बियर हुकली, असं म्हणायचं धाडस कुणाला झालं नाही.

गडबड ऐकून बियर करणारा तरुण आतून बाहेर आला. त्याला ‘ब्रूमास्टर’ म्हणतात हे कळल्यावर मास्तरांना तो आपल्यातलाच वाटला. त्याने बसवलं आणि आपलं दुःख सांगितलं. ज्वारीची बियर करणं सोपं नाही. सातूच्या दाण्याला टरफल असतं, ते गाळणीचं काम करतं. ज्वारीला ते नाही, त्यामुळे सगळा लगदा टाकीत बसतो. तिचा स्टार्च मोकळा व्हायला आचही जास्त लागते. पण आफ्रिकेत शतकानुशतकं ज्वारीची बियर होते. नायजेरियाने 1988 साली सातूच्या माल्टची आयात बंद केली, तेव्हा तिथल्या मोठमोठ्या कंपन्याही ज्वारीवर आल्या. झांबिया-मलावीकडे ‘चिबुकू’ नावाची दाट, गढूळ बियर खोक्यातून मिळते. खोक्यातही ती आंबतच असते आणि पिण्याआधी खोकं हलवावं लागतं, म्हणून तिला ‘शेक शेक’ म्हणतात.

“अंबील आहे ती,” अडते म्हणाले. “लसूण घालत नसतील. आता सांगा, ज्वारी कुठली वापरली?”

“मार्केट यार्डातून आणली. हायब्रीड असावी.”

अडत्यांनी डोळे मिटले. घरात कुणी गेल्याची बातमी ऐकल्यावर मिटतात, तसे.

आता आलोच आहोत तर काही तरी प्यावं, असं ठरलं. मास्तरांनी आधी परवान्याची चौकशी केली. महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार पिणाऱ्याला परवाना लागतो. एक दिवसाचा 5 रुपयांत मिळतो आणि तो प्रकृतीच्या स्वास्थ्यासाठी असतो. बियरला वयाची 21 वर्षं पुरी लागतात, हे ऐकून मास्तरांनी आपली 67 नम्रपणे नोंदवली. मग गव्हाची जर्मन पद्धतीची बियर आली, हेफेवाइत्सेन.

“केळ्याचा वास येतोय की,” कॅशियर म्हणाले.

“आणि लवंगेचा,” ब्रूमास्टर खूश झाला. “पण केळं नाही आणि लवंगही नाही. यीस्टच दोन्ही वास तयार करतं.”

अडत्यांनी ग्लास उजेडात धरला, हुंगला, एक घोट घेतला. बाजारात नमुन्याचे दाणे तळहातावर घेऊन ते चेहऱ्यावर काहीच दिसू देत नाहीत. इथेही दिलं नाही. “गहू चांगला आहे,” एवढंच म्हणाले. बुवांनी लिंबू-सरबत घेतलं आणि चौघांत फक्त त्यांनाच दुसऱ्यांदा काय मागवावं हा प्रश्न पडला नाही.

रिकाम्या हाताने परतणं शक्य नव्हतं. अक्कलकोटबाहेरच्या मळ्यात सात जण आगटी पेटवून हुरड्याला थांबणार होते. करोनाच्या दिवसांत, 2020 साली, ब्रुअरीत बसून पिणं बंद झालं तेव्हा सरकारने ताजी बियर ग्रोलरमध्ये, म्हणजे घट्ट झाकणाच्या बाटलीत, भरून घरी न्यायला परवानगी दिली होती. एक-एक लिटरचे असे दोन ग्रोलर भरून घेतले. “थंड ठेवा आणि उद्यापर्यंत संपवा,” ब्रूमास्टरने बजावलं. मग बुवांनी गाडीतली सोलापुरी चादर काढली, नळाखाली भिजवली, पिळली आणि ग्रोलरना लहान मुलासारखी गुंडाळली. घागर थंड ठेवायला ओलं फडकं लागतं, हे त्यांना कुठल्या वहीत वाचावं लागलं नव्हतं. निघताना अडते ब्रूमास्टरला म्हणाले, “हुरडा खायला या. पण लवकर या हां. दाण्यात दूध आहे तोवरच.”

“नक्की,” तो म्हणाला. पुण्यात ‘नक्की’ला तारीख नसते, हे अडत्यांना माहीत नव्हतं.

रात्री नऊला गाडी मळ्यात शिरली. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं भाजत होती, पाटीत चोळून हिरवा मऊ हुरडा निघत होता. सोबत शेंगाची चटणी, दही, गूळ. पहिला ग्रोलर उघडताच 290 किलोमीटरचे सगळे खड्डे एकदम बाहेर आले. पाव लिटर फेस कॅशियरांच्या शर्टावर गेला. माळकरी बुवा वगळता दहा जणांना चहाच्या कपांनी वाटण्या झाल्या. प्रत्येकाला पावणेदोनशे मिलिलिटर, एक थेंबही इकडेतिकडे नाही. शेजारच्या मळ्यातला एक जण म्हणाला, हुरड्याबरोबर ताक बरं. दुसरा म्हणाला, वास केळ्याचा येतो. तिसऱ्याने कप पुढे केला आणि संपल्याचं कळल्यावर आगटीकडे तोंड करून बसला.

ब्रूमास्टर आला. फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी, भाच्याला घेऊन. तोवर दाणा पक्का झाला होता, निम्मं शिवार काढून झालं होतं आणि हुरड्याची गोष्ट पुढच्या थंडीवर गेली होती. तो काळ्या फळ्याखाली उभ्या राहिलेल्या भाच्यासारखाच रिकाम्या रानाकडे पाहत राहिला. “संपला,” अडते म्हणाले. त्यांच्या आवाजात जरा समाधान होतं.

मग ब्रूमास्टरने पिशवीतून एक बाटली काढली. ज्वारीच्या बियरची शेवटची, आपल्यासाठी म्हणून बाजूला ठेवलेली. साडेसहाशे मिलिलिटर, माणसं बारा. कॅशियर पुन्हा चहाचे कप घेऊन बसले. मास्तरांना चव भाकरीच्या पापुद्र्यासारखी लागली. अडत्यांनी आपले 54 मिलिलिटर तीन घोटांत संपवले आणि निकाल दिला, “आहे अंबीलच. पण हायब्रीडची.”

पाहुण्याने कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाल्ली, दोनदा मागून. संध्याकाळी त्याच्या गाडीच्या डिकीत मालदांडीचं 50 किलोचं पोतं चढलं. अडत्यांनी भाव त्या दिवशीच्या दुधनी बाजाराचा लावला; मैत्री म्हणून बारदानाचे पैसे तेवढे धरले नाहीत.