कुत्रा का हसला

व्हिडिओ गेमच्या दुनियेत खलनायक पुष्कळ झाले, पण गवतातून वर येऊन, तोंडावर पंजे धरून खिदळणाऱ्या त्या कुत्र्याइतकं जिव्हारी कुणी लागलं नाही. खेळाचं नाव ‘डक हंट’. तीन गोळ्या, एक बदक. बदक निसटलं की कुत्रा हसणार. त्यातही राग याचा की कुत्रा आपल्याच बाजूचा! बदक पडलं तर ते उचलून आणणं एवढंच त्याचं काम, आणि ते नाही आणता आलं तर हा मालकालाच दात दाखवतो.

निन्तेंडो कंपनीने हा खेळ १९८४ साली काढला. आमच्या गल्लीत तो नव्वदीत पोचला, तोही कुठल्यातरी नकली यंत्रातून. ‘९९९९९९ इन १’ अशी कॅसेट. खरे खेळ मोजून थोडेच, बाकी सगळी त्याच खेळांची नवी बारशी. कॅसेट चालली नाही की तिच्यात जोरात फुंकर मारायची. तेव्हा कॉम्प्युटरचा डॉक्टर म्हणून गल्लीत ज्याची फुंकर दमदार, त्यालाच मान होता.

दिवाळीत माळा आवरताना ते यंत्र सापडलं. आमची आई काहीही टाकत नाही, मग तिला निदान अधूनमधून तरी बरोबर म्हणावं लागतं. बंदूकही शाबूत होती. पिवळ्या-पांढऱ्या पिनांची वायर भिंतीवरच्या नव्या, ऐसपैस टीव्हीच्या पाठीत कशीबशी खुपसली. चित्र आलं. बदक उडालं. मी नेम धरला, चाप ओढला, आणि कुत्रा हसला. पुन्हा ओढला, पुन्हा हसला. इतक्या मोठ्या पडद्यावर तो माझ्या मुलाएवढा दिसत होता, आणि हसतही त्याच्याच सारखा होता.

“तुला लहानपणी तरी जमत होतं का?” बायकोने विचारलं. फराळाचं ताट तिच्याच हातात असल्यामुळे मी उत्तर दिलं नाही.

दोष ना माझ्या नेमाचा, ना बंदुकीचा. त्या बंदुकीतून मुळात काहीच सुटत नाही. ना गोळी, ना किरण. ती नुसती बघते. नळीच्या आत प्रकाश ओळखणारा एक छोटासा भाग असतो. चाप ओढला की क्षणभर सगळा पडदा काळा होतो आणि लगेच बदकाच्या जागी एक पांढरा चौकोन चमकतो. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत. नळीला आधी काळोख आणि मग उजेड दिसला, तर बदक पडलं. दोन बदकं असतील तर चौकोन एकामागून एक येतात. कोणत्या वेळी उजेड दिसला, त्यावरून कोणतं बदक मेलं ते ठरतं. ट्यूबलाइटवर बंदूक रोखून फसवायला जाल, तर काळ्या पडद्याच्या वेळीही उजेडच दिसणार, म्हणजे चोरी उघडी. थोडक्यात, आपण टीव्हीला मारत नव्हतोच. टीव्ही आपल्याला मारत होता आणि आपण शिकारी म्हणून मिरवत होतो.

प्रकाशाच्या बंदुकांची ही कल्पना त्या कंपनीत रुजवली गुनपेई योकोई या माणसाने. नवं महागडं तंत्र शोधण्यापेक्षा जुन्या, स्वस्त झालेल्या तंत्राकडून भलतंच काम करून घ्यावं, असं त्याचं मत. आमच्या आजीचंही हेच मत होतं, फक्त ती ते जुन्या साड्यांच्या गोधड्यांतून मांडायची.

घोटाळा नव्या टीव्हीचा. जुना डबा टीव्ही आलेलं चित्र तत्क्षणी काचेवर रेखायचा. नवा टीव्ही आधी चित्र घासूनपुसून साफ करतो, आणि मगच दाखवतो. तेवढ्यात बंदुकीचं बघून झालेलं असतं. अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, आणि नवरदेव अजून वरातीतच नाचतोय!

मग डबा टीव्हीचा शोध. भंगारवाल्याकडे गेलो.

“द्यायचाय?”

“नाही, घ्यायचाय.”

त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “चालू पाहिजे?” हा प्रश्न त्याने इतक्या हळुवार विचारला की घरी सगळं ठीक आहे ना, असंच त्याला म्हणायचं असावं. वजनावर मिळालेला टीव्ही रिक्षातून आणला. बायको म्हणाली, “लोक भंगार बाहेर काढतात.”

पण बदकं पडू लागली. कुत्रा दोन्ही हातांत बदकं धरून नम्रपणे उभा राहू लागला. ही खुशी भाऊबीजेला आतेभाऊ येईपर्यंत टिकली. दादा आमच्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, बँकेत साहेब. त्याने चकलीचा तुकडा मोडला आणि विचारलं, “दुसरा रिमोट कुठाय?”

“कशाला? खेळ तर बंदुकीचा आहे.”

त्याने रिमोट घेतला. बदक वर जाता जाता गर्रकन वळलं, खाली आलं, कोपऱ्यात गेलं. दादाचा अंगठा हलत होता. एका बदकाच्या खेळात समोरच्याने रिमोट हाती घेतला की बदक त्याच्या बोटांवर उडतं. ही सोय खेळात पहिल्या दिवसापासून आहे. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीभर दादा माझ्या शेजारी मांडी घालून, “मी नुसता बघतो, तू खेळ,” असं म्हणत रिमोट धरून बसायचा. किती प्रेमळ भाऊ, असं आत्या म्हणायची.

“तुला खरंच माहीत नव्हतं?” दादाने विचारलं. त्याचं हसू मी ओळखलं. तेच, तोंडावर हात धरून.

एवढ्यात आई स्वयंपाकघरातून आली. तिने चष्मा लावला, माझ्या हातातली बंदूक घेतली, तुरुतुरु पुढे गेली आणि नळी थेट काचेला टेकवून दादाचं बदक पाडलं. मग पुढचंही.

“मामी, असं जवळून नाही मारायचं,” दादा तक्रार करू लागला, “नियमात बसत नाही ते.”

“तू गप बस,” आई म्हणाली, “आणि तो रिमोट खाली ठेव आधी.”